अंगठ्याखालचा बल्ब

दोन दिवे सिरीजमधे आहेत की पॅरललमधे, असं कोणी विचारलं तर वाहिद मिस्त्री तोंडानं उत्तर देत नसे. तो स्टूल ओढायचा, त्यावर चढून एक बल्ब होल्डरातून काढायचा आणि दुसऱ्याकडे बघायचा. दुसरा विझला तर सिरीज, जळत राहिला तर पॅरलल. संपलं. एवढ्याशा गोष्टीसाठी पुस्तकवाल्यांनी पानंच्या पानं का काळी करावीत हे त्याला कधी उमगलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही. चुकलं ते पुढं, परीक्षेच्या टेबलाशी.

दारव्ह्याला स्टेशनच्या अंगाला कापसाचं एक जीन होतं. हंगामात गाड्यांच्या रांगा लागायच्या, कापूस आत जायचा, सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे निघायची. वाहिद तिथं एकोणचाळीस सालापासून होता. तेव्हा गावात वीज नव्हती. जिनाचं स्वतःचं तेलावरचं इंजिन होतं आणि त्यावर फिरणारा एक म्हातारा डायनॅमो. जुन्या मालकानं कुठल्याशा लिलावातून अर्ध्या दाबाचे, म्हणजे अर्ध्या व्होल्टेजचे, बल्ब पोतंभर उचलून आणले होते. एकेकटा लावला की फट्कन उडायचा. मग वाहिदनं दोन दोन बल्ब एकामागे एक जोडले, म्हणजे दाब दोघांत वाटला जाई. अशा बारा जोड्या त्यानं शेडभर टांगल्या. जोडीतला एक गेला की त्याचा सोबतीही विझायचा, बाकीच्या अकरा जोड्या मात्र जळत राहायच्या. खाली कापूस निवडणाऱ्या बाया ओरडायच्या, "मिस्त्री, जोडी गेली वो!" आणि वाहिद स्टूल घेऊन निघायचा. दोघांतला मेलेला कोणता हे हातानंच चाचपून काढायचं. हे त्यानं इतक्यांदा केलं होतं की सिरीज आणि पॅरललचा फरक त्याच्या बोटांत मुरला होता. डोक्यात तो शिरायची कधी गरजच पडली नाही.

पुढं गावात तारा आल्या. डायनॅमो भंगारात गेला, जोड्या उतरल्या, शेडमधे नवे पूर्ण दाबाचे दिवे लागले. तेही सगळे वाहिदनंच लावले. पण तारांच्या मागून कागद आले. बोर्डखोलीत, म्हणजे जिथं सगळे मोठे स्विच आणि फ्यूज असतात तिथं, परवाना असलेलाच वायरमन पाहिजे, असं ठरलं. एक वर्ष कशीबशी सवलत मिळाली. मग जिनाचे मॅनेजर पुंडलिकराव यांनी त्याला ऑफिसात बोलावून घेतलं. पुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. वाईट बातमी सांगायची असली की ते आधी समोरच्याला बसायला सांगत.

"बसा मिस्त्री. हे पाहा, यवतमाळले परीक्षा होते. ते पास करा अन् परवाना आना."

"साहेब, बावीस वर्सं झाले मले इथं."

"मले माहीत नाही काय? पन वरचा मानूस बावीस वर्सं पाहत नाही, कागद पाहते. बासष्टच्या दसऱ्यापर्यंत परवाना आला तर खोली तुमची. नाही आला तर मले उत्तमसिंगले बसवा लागन. त्याच्यापाशी कागद हाय."

उत्तमसिंग तेवीस वर्षांचा, जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. तांड्यातून नागपूरला जाऊन दोन वर्षं विजेचं शिक्षण घेऊन आलेला पहिला गडी. परवाना खिशात असूनही जिनात इंजिनाला तेल घालण्याचं हंगामी काम करत होता, कारण बोर्डखोली एकच होती आणि तीत वाहिद बसला होता. म्हणजे एकाची जागा गेली तरच दुसऱ्याला मिळायची. हे सगळ्या जिनाला ठाऊक होतं आणि त्या दोघांना सगळ्यांत जास्त.

वाहिद पहिल्या परीक्षेला गेला तो एकसष्टच्या डिसेंबरात. परीक्षा तोंडी होती. टेबलामागे एक साहेब, शेजारी एक कारकून, आणि टेबलावर जाड पांढऱ्या कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्डावर एक चित्र. करवतीच्या दातांसारख्या नागमोडी रेघा म्हणजे विरोध, म्हणजे आपला बल्ब म्हणा, हीटरची कॉइल म्हणा. त्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा म्हणजे तारा. यातले कोणते एकसर, म्हणजे सिरीजमधे, जोडलेत आणि कोणते समांतर, म्हणजे पॅरललमधे, ते सांगायचं.

वाहिदला नीट दिसेना म्हणून त्यानं कार्ड उचलून डोळ्यांजवळ धरलं. खाली ठेवलं तेव्हा कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलेला होता. तो घरून चांगले साबणानं हात धुऊन निघाला होता. पण बावीस वर्षांचं इंजिनाचं तेल बोटांच्या भेगांत बसलेलं, ते साबणाला कुठं दाद देतं?

"अहो, काय केलंत हे!" कारकून खेकसला. "सरकारी कार्ड आहे. हात मागं घ्या. मागं घ्या आधी!"

वाहिद मेल्याहून मेल्यासारखा झाला. लिहिलेल्या कागदाचा चुरगळा जरी रस्त्यात दिसला तरी तो उचलून भिंतीच्या फटीत खोचायची त्याच्या घरी रीत होती, पायदळी यायला नको म्हणून. आणि लहानपणी दोन वर्षं उर्दू शाळेत गेला, तिथं मळक्या हातानं पुस्तक उघडलं म्हणून छडी खाल्ली होती, ती अजून आठवायची. त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि तसाच उभा राहिला. चित्रात जे एका रांगेत दिसले त्यांना त्यानं एकसर म्हटलं, जे शेजारी शेजारी आडवे पडलेले दिसले त्यांना समांतर. पाचांतली चार चुकली. चित्र काढणारा इतका सरळ माणूस नसतो. तो मुद्दाम रांगेत बसवून तारा भलतीकडून फिरवतो, नाहीतर परीक्षा कशाची?

घरी रौशनला, म्हणजे बायकोला, त्यानं एवढंच सांगितलं, "नहीं हुआ." रौशननं ताट वाढलं. लग्नाच्या पंचवीस वर्षांत तिनं एक ओळखलं होतं, की हा माणूस बोलायला लागतो तो जेवल्यावर, आणि त्या दिवशी तो जेवल्यावरही बोलला नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी उत्तमसिंग स्वतःहून त्याच्या ओसरीत येऊन उभा राहिला. बगलेत नागपूरचं पुस्तक.

"चाचा, मी शिकवू काय तुमाले?"

वाहिदनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले काय पडलं बावा? मी उडलो तर खोली तुले भेटते."

"भेटते ना," उत्तमसिंग म्हणाला. "पन अशी नको."

तो रोज येऊ लागला. हंगाम जोरात होता. वाहिद बारा तास जिनात काढून यायचा, अंगाचा नुसता चोथा झालेला असायचा. ओसरीवर चटई टाकून दोघं बसत. पुस्तक उत्तमसिंगच्या मांडीवर, पानं उत्तमसिंगच उलटणार. वाहिद हात गुडघ्यांवर ठेवून लांबूनच पाहायचा. एकदा उत्तमसिंगनं पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं तर तो अंग चोरून मागं सरकला.

"धरा ना चाचा."

"नको. खराब होईन."

उत्तमसिंग शिकवायचा ते बरोबर होतं. सिरीजमधे सगळ्यांतून करंट एकच, पॅरललमधे सगळ्यांवर दाब एकच. ज्यांची दोन्ही टोकं एकाच जागी मिळतात ते पॅरलल, भले चित्रात कसेही मांडलेले असोत. वाहिद मान डोलवायचा. ऐकताना पटायचं आणि चित्राकडं पाहिलं की सगळं पुसलं जायचं. त्या रेघा त्याला रेघाच दिसायच्या. तारांसारख्या त्या कधी वाटल्याच नाहीत. कधी कधी बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि जागा झाला की उत्तमसिंग तसाच पुस्तक उघडं धरून बसलेला असायचा.

मार्चात दुसरी परीक्षा झाली. या खेपेला वाहिद आधीपासूनच हात मागं बांधून उभा राहिला. कोणी काही बोलायलाच नको. व्याख्या त्यानं घडाघडा म्हणून दाखवल्या. चित्रं आली आणि पाचांतली तीन चुकली.

परतीच्या गाडीत, त्या लहान लाइनच्या डुगडुगत्या डब्यात, त्याच्या मनात पहिल्यांदा किडा वळवळला. पोरानं मुद्दाम उलटं तर शिकवलं नसेल? दोन महिने चांगुलपणा दाखवायचा आणि ऐन वेळी पाय ओढायचा, असे लोक काय पाहिले नव्हते? दुसऱ्या दिवशी जिनात उत्तमसिंग समोर आला, पण नजरेला नजर न देता निघून गेला. त्या संध्याकाळी तो ओसरीवर आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. वाहिदनं मनाशी हिशोब पक्का करून टाकला: चोराच्या मनात चांदणं. मग त्यानंही बोलणं सोडलं. एकाच शेडमधे दोघं सहा महिने एकमेकांना चुकवत फिरले.

तिसरी परीक्षा सप्टेंबरात होती. त्यानंतर दसरा, म्हणजे त्यानंतर काही नाही.

पुंडलिकरावांनी हंगामाआधी शेडची जुनी वायरिंग सगळी बदलून घ्यायला काढली. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत वाहिद पत्र्याखाली, शिडीवर, उन्हाळ्यासारख्या उकाड्यात लाकडी पट्ट्या ठोकत होता. मान वर करून करून खांद्यापासून पाठीपर्यंत एकच कळ धरलेली. सुटी मागितली तर मॅनेजर म्हणाले, "मिस्त्री, तुमच्याशिवाय हे कोनाले जमते?" याच माणसाला हे काम जमतं की नाही हे उद्या यवतमाळचा साहेब ठरवणार होता. वाहिदला हसू आलं असतं, पण हसायलाही जोर लागतो.

सकाळी रौशननं भाकरी बांधून दिली. ती तशीच गाठोड्यात राहिली. यवतमाळला पोचल्यावर नाव लिहून व्हरांड्यात बसवलं, ते दहापासून चार वाजेपर्यंत. बाक भरलेले, म्हणून बहुतेक वेळ उभाच. त्याच्या आधी सदतीस लोक होते, बरेचसे त्याच्या मुलांच्या वयाचे. आत जाणारा प्रत्येक जण दारातून बाहेर येताना काही ना काही सांगायचा, आणि बाहेरचे सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. वाहिद गेला नाही. पहिल्या दोन वेळा तोही घाबरून त्या घोळक्यात शिरला होता. आज काहीच नाही. भीती वाटायलाही माणसात काही तरी शिल्लक लागतं, आणि त्याच्यात आता काही उरलं नव्हतं. झालं तर झालं, नाही तर नाही. एकदाचं आटपावं आणि कुठं तरी आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं.

त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो आत गेला. साहेब नवे होते, साठीकडं झुकलेले, दिवसभर तीच चित्रं दाखवून तेही विटले होते. कारकून पाणी प्यायला गेला होता. साहेबांनी न बघताच एक कार्ड पुढं टाकलं.

तीन विरोध एका रांगेत, एकामागे एक. डावीकडच्या टोकापासून एक तार वरून कमान घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे उतरलेली. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधून दुसरी तार खालून वळून उजव्या टोकाला गेलेली.

वाहिदला गरगरल्यासारखं झालं. हात मागं न्यायचं भानच राहिलं नाही. त्यानं तोल सावरायला दोन्ही पंजे टेबलावर टेकले आणि डावा अंगठा नेमका कार्डावर पडला, मधल्या विरोधावर. मधला दिसेनासा झाला.

बल्ब काढला, असं त्याच्या मनात आलं.

आपोआप आलं, शिडीवर यायचं तसं. आणि मग त्यानं सवयीनं बाकीच्यांकडं पाहिलं. जळतात का? उजव्या हाताचं बोट त्यानं डाव्या टोकावर ठेवलं आणि रेघेवरून चालवलं. पहिल्यातून गेलं, खालच्या तारेनं वळून उजव्या टोकाला पोचलं. हा जळतो. पुन्हा डावीकडून, वरच्या कमानीनं मधे उतरून, तिसऱ्यातून बाहेर. हाही जळतो. त्यानं अंगठा उचलून पहिल्यावर ठेवला. बाकीचे दोन जळत होते. तिसऱ्यावर ठेवला, तरी दोन जळत होते. मग दोन बोटांनी दोन झाकले आणि उरलेल्यातून बोट चालवलं. तोही एकटा जळत होता. कोणी कोणावर अवलंबून नव्हतं. रांगेत उभे असले म्हणून काय झालं?

"तिनी पॅरलल हाय साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. कार्डावर तेलकट बोटांचे चार-पाच ठसे होते. "हे काय करत होता तुम्ही?"

"बल्ब काढून पाहिला साहेब."

"इथं कुठं आहे बल्ब?"

वाहिदनं नुसता अंगठा दाखवला. साहेबांनी गठ्ठ्यातलं सगळ्यांत गुंतागुंतीचं कार्ड काढलं आणि ते वाहिदच्या हातातच दिलं. त्यात दोन विरोध जोडीनं होते आणि तिसरा त्यांच्या बाजूनं. वाहिदनं एकावर अंगठा ठेवला, त्याचा सोबती मेला, तिसरा जळत राहिला. ही तर शेडमधली जोडीच होती, अठरा वर्षं सांभाळलेली. तिसरं, चौथं, पाचवं. एकही चुकलं नाही.

साहेबांनी जुना कागद चाळला. "बावीस वर्षं काम करता म्हणता. मग आधी दोन वेळा नापास कसे झालात?"

"हात मांगं होते साहेब," वाहिद म्हणाला.

साहेबांना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी सही केली.

बाहेर पडल्यावर आनंद होईल म्हणून वाहिद स्टेशनापर्यंत वाट पाहत चालला. झाला नाही. गाडीत बसला, भाकरी खाल्ली. दिग्रसचे दोन व्यापारी समोर सरकीबद्दल मोठ्यानं भांडत होते. त्यांच्यामागं खिडकीतून तो बाहेर पाहत राहिला आणि त्याला एकच दिसत होतं, की आता उत्तमसिंगला सांगावं लागेल.

सांगायची वेळ आलीच नाही. सकाळी ऑफिसात परवाना दाखवून तो उत्तमसिंगला गाठेपर्यंत पुंडलिकरावांनी त्याला बोलावून सांगून टाकलं होतं. वाहिदनं मॅनेजरांपुढं शब्द टाकून पाहिला, "साहेब, त्यालेही खोलीत ठेवा ना, दोघं मिळून करू." मॅनेजर म्हणाले, "बसा मिस्त्री," आणि वाहिदला उत्तर कळलं.

चार दिवसांनी उत्तमसिंग वणीकडं निघाला. तिकडं खाणीवर विजेचं काम आहे असं कोणी तरी त्याला सांगितलं होतं. एस.टी. यायला वेळ होता. वाहिद स्टँडवर गेला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसला.

"मले वाटलं तू मुद्दाम उलटं शिकवलं," वाहिद म्हणाला. "सहा महिने तेच धरून बसलतो. माफ कर बेटा. तू बरोबरच शिकवलतं."

उत्तमसिंगनं मान खाली घातली. "तुमी मार्चात उडले ना चाचा, त्या दिवशी मी खुश झालतो. घरी जाऊन याडीले, म्हंजे मायले, लापशी कराले सांगतली. पोटभर खाल्ली." त्यानं ट्रंक पायाशी ओढली. "मंग तुमच्या ओसरीत येऊन बसाची हिंमत नाही झाली. म्हनून आलो नाही."

वाहिदला राग यायला हवा होता. त्यानं आत शोधून पाहिला, सापडला नाही.

"तुह्या घरी निदान गोड तरी झालं," तो म्हणाला. "मी पास झालो तवा रौशन म्हने, शिरा करू काय. मी म्हनलं, नको."

"काहून?"

"तुह्या जागेचं गोड माह्या गळ्याखाली कसं उतरन?"

गाडी आली. लोक दाराकडं धावले. उत्तमसिंगनं ट्रंक टपावर चढवली, पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळला.

"करा जी चाचा गोड," तो म्हणाला. "नाहीतर मी चाललो त्याचा कोनालेच उपेग नाही."

वाहिद घरी आला आणि त्यानं रौशनला शिरा करायला सांगितला. तिनं रवा काढला, चूल पेटवली. तो भिंतीला पाठ लावून बसला. रवा भाजल्याचा वास घरभर पसरला, तेव्हा तो तसाच बसल्या बसल्या झोपला होता. रौशननं त्याला दोनदा हाक मारली, मग ताटलीवर झाकण ठेवून ती शेजारी बसून राहिली.